मधे कोन होतं?

रेफरीकाका दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर खुर्चीत बसलेले असताना गेले. डॉक्टरांनी हृदयविकार असं कारण लिहिलं. वय नक्की किती, याची मला खात्री नव्हती. ती करून घ्यायला मला गल्ली ओलांडून समोरच्या घरी जावं लागलं. काकांच्या स्वयंपाकघरात ओल्या फडक्यात आपट्याची पानं गुंडाळून ठेवलेली होती. ती एकाच माणसासाठी आणलेली होती, आणि तो माणूस त्याच समोरच्या घरात राहत होता.

मी रेफरीकाकांचा भाडेकरू. रायपूर राजधानी झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी भंडाऱ्याहून तिथल्या एका हिंदी दैनिकात आलो. छत्तीसगडच्या नव्या राज्याबरोबर वर्तमानपत्रांची पानं वाढली होती आणि माझ्याकडे गुन्ह्यांच्या बातम्या आल्या होत्या. माडीवरची खोली मला मिळाली. खाली काका एकटे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. नोकरीच्या काळात रेल्वेच्या मुष्टियुद्धाच्या सामन्यांत ते पंच असत. त्यामुळे मोहल्ल्यात ते ‘रेफरी भैया’ आणि मराठी घरांत ‘रेफरीकाका’. त्यांचं खरं नाव मी विजेच्या बिलावर वाचलं तेव्हा मला तिथे राहायला येऊन बरेच महिने झाले होते.

गल्लीत, बाजारात, स्टेशनवर, कुठेही दोन माणसांचा आवाज चढला की काका हातातलं काम ठेवून तिकडे चालू लागत. धावत नसत. धावत येणारा माणूस भांडणात तिसरा होतो, असं त्यांचं मत होतं. जवळ पोचले की दोघांच्या मधल्या जागेत शिरत आणि उभे राहत. ओरडत नसत, कोणाचा हात धरत नसत, समजूत घालत नसत. मात्र उभं राहण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. जो जास्त तापलेला, ज्याचा हात वर गेलेला, त्याच्याकडे ते पाठ करत. तोंड करत ते घाबरलेल्याकडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटं वाटे. मलाही वाटलं होतं, आणि मी तसं विचारलं.

“तापलेला माणूस दाखवत राहते,” ते म्हणाले. “मारते तो घाबरलेला. म्हणून डोळा त्याच्यावर पाह्यजे. अन् तापलेल्याले पाठ दिली का त्याले समजते, हा आपल्याले भीत नाही, आपल्यावर भरोसा करून राहिला. भरोसा केलेल्या पाठीवर मारणारा माणूस मी लय कमी पाहिला, पेपरवाले.”

मला ते ‘पेपरवाले’ म्हणत. त्यात थोडी थट्टा असे, पण क्रियापद आदरार्थीच लावत.

हे सगळं मी एकदा गुढियारीच्या घाऊक बाजारात जवळून पाहिलं. आम्ही तांदूळ आणायला गेलो होतो. गोदामासमोर एक ट्रक कोणत्या टोळीने उतरवायचा यावरून हमालांच्या दोन टोळ्या समोरासमोर आल्या होत्या. एका धिप्पाड हमालाने पोती उचलायचा लोखंडी आकडा वर धरला होता. समोरचा किरकोळ होता आणि त्याचे ओठ सुकलेले होते. काका चालत गेले, आकड्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्या किरकोळ माणसाला सहज आवाजात म्हणाले, “चुना है क्या, भैया?”

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात आपसूक खिशात गेला आणि चुन्याची डबी घेऊन बाहेर आला. काकांनी बोटावर चुना घेतला. तेवढ्यात मागचा आकडा खाली आला होता. कोणीतरी हसून विचारलं, “रेफरी भैया, तंबाकू भी दें क्या?” काका म्हणाले, “तंबाकू डॉक्टर ने मना किया है, चुना नहीं.” दोन्ही टोळ्या हसल्या. ट्रक दोघांनी मिळून उतरवला. आम्ही तांदूळ घेऊन घरी आलो. काकांनी नळाखाली बोट धरून चुना धुऊन टाकला. तंबाखू त्यांनी जन्मात खाल्लेली नव्हती.

“खिशात हात गेला का मूठ सुटते,” ते बोट पुसत म्हणाले. “कोनाले काही मागा. पन त्याच्या खिशात असंल असंच मागा.”

त्या संध्याकाळी मी गुढियारीची बातमी दिली नाही. देण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

सकाळी काका माझं वर्तमानपत्र माझ्या आधी वाचत. माझी बातमी कोणती, हे त्यांना नाव नसतानाही कळे. ‘दो गुटों में मारपीट, तीन घायल’ अशा बातमीवर ते बोट ठेवत आणि मी जिना उतरलो की विचारत, “मधे कोन होतं?”

मी सांगे, कोणीच नव्हतं.

“मग ते काहून नाही लिहिलं? बातमी तर तेच आहे ना, बाप्पा. दोघं भांडले याच्यात नवीन काय?”

वर्षभर मी हा प्रश्न थट्टेवारी नेला. नंतर ठाण्यात गुन्ह्याची माहिती घेताना माझ्याकडून तो विचारला जाऊ लागला. हवालदार म्हणत, बीच में कौन आएगा साहब, सब तमाशा देख रहे थे. मी ते टिपून घेई. डेस्कवर ते वाक्य कापलं जाई.

काकांची रीत दरवेळी चालली असं नाही. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर शिफ्ट सुटताना दोन मजुरांची जुंपली होती. काका एका लग्नाहून परतत होते. ते मधे शिरले आणि मागून लोखंडी सळई त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा हात गळ्यात बांधून ते चहा पीत होते. मी म्हणालो, काका, पाठीवर मारणारा भेटला शेवटी. त्यांनी मान हलवली. ज्याने मारलं त्याला दोष द्यायला ते तयार नव्हते. त्यांच्या मते ते स्वतः अंतर चुकले होते. सळई लांब होती, आणि जितकं हत्यार लांब तितकी पाठ लहान दिसते, हे त्यांच्या ध्यानात यायला उशीर झाला. पोलिसांना त्यांनी तक्रार दिली नाही.

हा लांबीचा मुद्दा पुढे एकदा पुन्हा निघाला. आमच्या डेस्कवरचे पांडेजी एका रविवारी काकांकडे जेवायला आले होते. पांडेजी इतिहासाचे एमए, वाचन दांडगं, स्वभाव कडवट. त्या आठवड्यात राज्याच्या दक्षिण टोकाच्या जंगलातून नक्षलवाद्यांच्या सुरुंगाची बातमी आली होती आणि मृतांची नावं लावण्याचं काम त्यांनी केलं होतं. जेवताना ते म्हणाले की माणूस लढण्यासाठीच बनला आहे, दगड होता तेव्हा दगडाने, आता सुरुंगाने. “इतिहास उठाकर देख लीजिए, रेफरी साहब.”

“इतिहास भी आप जैसों ने ही लिखा होगा,” काका म्हणाले. “जो हुआ, वो लिखा. जो होते-होते रह गया, वो किसने लिखा?”

पांडेजी हसले. काकांनी मग त्यांना मुष्टियुद्धातली एक गोष्ट सांगितली. दोन मुष्टियोद्धे दमले की एकमेकांना मिठी मारतात. प्रेक्षकांना वाटतं, वेळ काढतायत. पंच जवळ असतो, त्याला त्यांचा श्वास ऐकू येतो. ‘ब्रेक’ म्हणत तो मधे हात घालतो तेव्हा दोघांपैकी एकही जोर करून मिठी सोडवत नाही, दोघंही कोणीतरी सोडवण्याची वाट पाहत असतात. मारणारा मार खाणाऱ्याच्या गळ्यात पडतो असा दुसरा खेळ तुम्ही पाहिला आहे का, असं त्यांनी पांडेजींना विचारलं.

पांडेजींनी ताटातला हात थांबवला. “और वहाँ जंगल में? वहाँ बीच में कौन खड़ा होगा? आप?”

काका म्हणाले, “बंदूक को पीठ नहीं दिखती. पीठ दिखने के लिए आदमी पास में लगता है.” त्यांनी भात अर्धा टाकला आणि हात धुवायला उठले.

पांडेजी गेल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. “तुमचे पांडेजी खोटं नाही बोलले,” ते म्हणाले. “लढाई रक्तात आहे. मी का पाहिली नाही? पन थांबायची इच्छाबी त्याच रक्तात आहे. ते एकटी बाहेर येत नाही. तिले आनायले कोनी तरी जा लागते.”

एवढं बोलून ते समोरच्या घराकडे बघत बसले. रोज संध्याकाळी ते तसेच बसत. समोरचं घर त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. काका त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. दादा बांधकाम खात्यातून मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले होते. मधली गल्ली एवढी अरुंद की दोन स्कूटर समोरून आल्या तर एकीला थांबावं लागे. दादांच्या खोकल्याचा आवाज काकांच्या ओट्यावर स्पष्ट येई. काकांकडे रेडिओ नव्हता. दादा सात वाजता आपला रेडिओ लावत तेव्हा काका आपला टीव्ही बंद करून समोरच्या बातम्या ऐकत. तिकडे रेडिओ बंद झाला की इकडे काका जेवायला उठत. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला पहिल्या आठवड्यातच मोहल्ल्याने सांगितलं होतं. का बोलत नव्हते, हे प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं.

दसऱ्याला धाकट्याने थोरल्याला सोनं द्यायचं, ही रीत काकांनी मोडली नाही. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून, आपट्याची पानं घेऊन ते गल्ली ओलांडत. दारात वहिनी येत, म्हणजे दादांची बायको. दादा आतल्या खोलीत असत. वहिनी पानं हातात घेत, काका वाकून वहिनींना नमस्कार करत, मग उंबऱ्यालाही करत, आणि परत येत. वहिनी दरवेळी म्हणत, “चहा घेऊन जा ना, भाऊजी.” काका दरवेळी म्हणत, “दादा बोलावतील तवा घेतो.” दादा आतून ऐकत असणार. त्या घराच्या भिंती जाड नव्हत्या.

कारण मला काकांनीच एका दसऱ्याला, तिकडून आल्यावर, सांगितलं.

त्यांची आई दादांकडे असे. ती गेल्यावर तेरवीचं जेवण दादांच्या अंगणात होतं. रायपूर तेव्हा जिल्ह्याचं गाव होतं. शेवटची पंगत बसायची होती आणि आचाऱ्याने भांडी आवरायला घेतली होती, त्याला दुसरीकडे जायचं होतं. दादा संतापले. आईच्या तेरवीवरून माणसं उपाशी जाणार का, असं ओरडत त्यांनी कढईतला झारा उचलला आणि ते आचाऱ्याच्या अंगावर धावून गेले. काका जवळच वाढत होते. ते मधे शिरले. सवयीने, विचार न करता, त्यांनी तापलेल्याकडे पाठ केली आणि घाबरलेल्याकडे तोंड.

आचारी काकड्या चिरत होता. सुरी त्याच्या हातातच होती. दादांना ती दिसली नव्हती, कारण काका मधे होते.

“चुना है क्या, महाराज?” काकांनी विचारलं. आचाऱ्याने सुरी पाटावर ठेवली आणि खिशात हात घातला.

मागे दादांनी झारा खाली टाकला. काका वळले तोवर दादा घरात निघून गेले होते. पंगत बसली, जेवली, उठली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आईच्या तेरवीला धाकट्याने सगळ्या गोतावळ्यासमोर थोरल्याला पाठ दाखवली आणि एका आचाऱ्याकडे चुना मागत उभा राहिला, एवढंच पाहणाऱ्यांनी पाहिलं. दादांनीही तेवढंच पाहिलं.

मी विचारलं, सुरीबद्दल तुम्ही दादांना सांगितलं नाही?

“काय सांगू? दादा, तुमचा जीव मी वाचवला? मोठ्या भावाले?” ते म्हणाले. “अन् पंच आपला निर्णय समजावत बसत नाही. कोनी तिसऱ्यानं सांगा लागते.”

मी म्हणालो, मी सांगतो.

“मी आहे तोवर नोको,” ते म्हणाले. “दादाले वाटल, यानंच पाठवला.”

ऐकलेली गोष्ट दुसऱ्याकडून पडताळून घेण्याची मला कामामुळे सवय आहे. तो आचारी मला गुढियारीतच भेटला. म्हातारा झाला होता, मुलाच्या नाश्त्याच्या दुकानात बसत होता. त्याला तेरवी आठवत होती, झारा आठवत होता, चुना मागणारा माणूस आठवत होता. मग मी सुरीचं विचारलं. “बाबूजी, सच कहूँ तो मुझे खुद नहीं मालूम था कि हाथ में चाकू है,” तो म्हणाला. “उन्होंने चुना माँगा, तब रखने लगा तो दिखा.” तू मारलं असतंस का, असं मी विचारलं. त्याने मला दुकानातला चहा पैसे न घेता पाजला.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी फक्त तो आचारी बरा आहे ना, असं विचारलं.

त्यानंतरही दसरे आले आणि गेले. राजधानीचे रस्ते रुंद झाले, तलावाभोवती नवे दिवे लागले, मोहल्ल्यातली मुलं पुण्या-बंगळुरूला गेली. गल्लीत भांडणं कमी झाली होती. भांडायला माणसंच कमी उरली होती, असं काकांचं निरीक्षण होतं. त्यांना मधे उभं राहायला कोणी बोलवत नसे आणि स्वतःहून चालत जाण्याइतके पाय राहिले नव्हते. ते जास्त वेळ ओट्यावर असत. दादांचा रेडिओ उशिरा लागला तर ते खुर्चीतून उठून गल्लीच्या कडेपर्यंत जात आणि आवाज आला की परत येऊन बसत. शेवटच्या वर्षी नवरात्रात त्यांनी मलाच आपट्याची पानं आणायला पाठवलं. लवकर आणा, पेपरवाले, शेवटच्या दिवशी शिळी मिळतात, असं म्हणाले. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आणून दिली. दुपारी ते गेले.

वहिनी लगेच आल्या आणि त्यांच्या डोक्याशी बसल्या. दादांचा मुलगा सुनील वीज खात्यातून रजा टाकून आला. दादा आले नाहीत. त्या संध्याकाळी सात वाजता रेडिओ लागला नाही. ऑफिसातून चार ओळींच्या बातमीसाठी वय विचारलं गेलं, तेव्हा मी गल्ली ओलांडली.

दादा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. मी वय विचारलं.

“त्र्याहत्तर,” ते म्हणाले. “माझ्याहून चार वर्षांनी लहान.”

मग मी त्यांना तेरवीचं सांगितलं. तापलेल्याकडे पाठ का करायची, हे काकांच्या शब्दांत सांगितलं. सुरीचं सांगितलं, आणि आचाऱ्याला मी स्वतः भेटलो, तेही सांगितलं. दादांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“सुरी होती?” त्यांनी शेवटी विचारलं.

“होती.”

“तो तंबाखू खात नाही, हे मले मालूम होतं,” दादा म्हणाले. “चुना मागितला, तवा वाटलं, माझी थट्टा करून राहिला. आईच्या तेरवीले.” ते जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे त्याले वाटलं, मी मारणार नाही.”

मी म्हणालो, त्यांना तसा भरवसा होता.

“अन् मी मारणार होतो,” दादा म्हणाले. “झारा त्याच्या पाठीवर उचलला होता मी. मग नाही मारला.”

हे काकांना माहीत होतं की नाही, याची मला खात्री करता आली नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी अंत्ययात्रा निघाली. मैदानात संध्याकाळसाठी रावण उभा केलेला होता, त्याच्या बाजूच्या रस्त्याने आम्ही गेलो. दादा रिक्षातून आले. काकांच्या स्वयंपाकघरातून वहिनींनी आणून दिलेली पानं त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. ती त्यांनी काकांच्या छातीवर ठेवली. सुनीलने मडकं फोडलं आणि अग्नी दिला. माणसं मागे सरून झाडाखालच्या बाकांवर बसली. दादा बसले नाहीत. ते चालत चितेजवळ गेले, आणि काका उभे राहत तसे, तिच्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“बाबा, इधर आइए,” सुनील म्हणाला. “आँच लगेगी.”

“राहू दे,” दादा म्हणाले.

तासाभराने माणसं निघू लागली. सुनीलने रिक्षा फाटकाशी आणून ठेवली होती. दादा तिथेच, तसेच उभे होते.